काचेच्या हौदातलं शेवाळ

आई, आज सकाळी काचेवर पुन्हा हिरवं दिसलं. खिडकीकडच्या कोपऱ्यात, तळहाताएवढा डाग. काल नव्हता. माझ्या या नगरच्या घरात बैठकीच्या खोलीत एक काचेची पेटी आहे. तिच्यात पाणगवत लावलंय, मासे आहेत, वर विजेचा दिवा आहे. आलेगेले तिच्यासमोर बसतात आणि म्हणतात, किती शांत वाटतं हो बघून. मला कधीच शांत वाटलेलं नाही. मी उठल्याबरोबर, चहाच्याही आधी, काचेला नाक लावून बघते, आणि असं काही दिसलं की दचकून मागं सरते. सून हसते. म्हणते, “आई, शेवाळच आहे ते, साप नव्हे. पुसलं की गेलं.” तिला काय सांगू? तुझ्याबद्दल सांगायचं तर सुरुवात कुठून करायची हे मला इतक्या वर्षांत सुचलं नाही, म्हणून तिला टाळून तुलाच लिहायला बसले आहे. ज्याला सगळं ठाऊक आहे त्याला सांगणं सोपं असतं.

आपलं गाव जामखेडच्याही पलीकडचं, पाऊस वाट चुकल्यासारखा येणारं. गावाच्या बारवेवर आपल्या ख्रिस्ती आळीला पाऊल ठेवता येत नव्हतं. आपली विहीर वेगळी, ओढ्याच्या काठाला, दगडी पायऱ्यांची. बायका पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात उभ्या राहायच्या आणि घागर बुडवायच्या. त्याच पाण्यात, त्याच पायांनी. आणि त्या पायांना नारू असायचा. आजच्या मुलांना नारू म्हणजे काय हे समजावून सांगावं लागतं. पायाला फोड येतो, आगीसारखा जळतो, फुटतो, आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखी अळी बाहेर येते, हातभर लांब. ती काडीला गुंडाळून रोज थोडी थोडी ओढायची. मध्येच तुटली तर पाय सुजून काळा पडायचा. त्यात सगळ्यात वाईट काय, तर ती अळी पोटात जाते पाण्यातून, आणि बाहेर येते वर्षानं. पाणी यंदा प्यायचं आणि भोगायचं पुढच्या साली. म्हणजे आळीतली हसती-खेळती माणसंसुद्धा आतून काय घेऊन हिंडत होती, हे त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं. लहानपणी मी हे पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा मला माझ्याच पायांची भीती वाटायला लागली.

तू आळीच्या शाळेची मास्तरीण. नगरच्या बोर्डिंगात शिकलेली, म्हणून आळी तुझं ऐकायची, आणि त्याच कारणासाठी तुझ्यावर डोळाही ठेवून असायची. बाबा पलटणीत, लढाईवर. मिशनच्या दवाखान्याच्या गोऱ्या डॉक्टरबाईंना लढाईमुळे मायदेशी बोलावणं आलं, तेव्हा त्यांनी सामान वाटून टाकलं. कुणाला खाट, कुणाला कंदील. तुला मात्र त्यांनी तो लोखंडी चौकटीचा काचेचा हौद दिला, पाण्यासकट, माशांसकट. बैलगाडीतून तो आला तेव्हा तू पुढं बसलीस ती दोन्ही हात काचेवर ठेवून. बाईंनी तुला सांगितलं होतं की नारूचं बी पाण्यातल्या अगदी बारीक किड्यात असतं, डोळ्यांना धड दिसत नाही असल्या. पाणी दुहेरी फडक्यातून गाळलं की किडा अडकतो. आणि हे गप्पी मासे त्या किड्यांवरच जगतात. विहिरीत मासे सोड, त्यांची पैदास होऊ दे, तोवर लोकांना गाळायला लाव, मग पुढं विहीरच स्वच्छ राहील. हे एवढंच त्यांनी मागं ठेवलं, आणि तू ते उराशी धरलंस.

गाळण्याची सवय तू घरोघर जाऊन लावलीस. मासे मात्र कुणाला पटेनात. आपली माणसं ओढ्यातला मासा मटामटा खायची, पण पिण्याच्या पाण्यात मासा म्हटलं की नाक मुरडायची. आळीच्या तोंडाशी राहणारी म्हातारी सुईण सगळ्यांत पुढं. आळीतलं प्रत्येक पोर तिच्या हातावर आलेलं, प्रत्येक नारू तिनंच काडीवर गुंडाळलेला. तिच्यापुढं चर्चच्या पाळकसाहेबांचंही चालायचं नाही. ती म्हणाली, “बाई, मासं पान्यात ऱ्हात्यात, पान्यातच हगत्यात. त्ये आमी प्यावं व्हय?” शेवटी कसंबसं ठरलं की वैशाखात विहिरीचा गाळ काढायचा, आणि त्या दिवशी, फक्त त्याच दिवशी, मासे सोडून बघायचे. त्यानंतर पुन्हा हा विषय नाही. म्हणजे तोवर हौदातले मासे जगवायचे, वाढवायचे, आणि ते थोडेथोडके असून भागणार नव्हतं.

आणि तिथंच तू ती युक्ती काढलीस. तुला तेव्हा ती फार आवडली होती, मला आठवतं. रविवारी उपासना सुटली की शाळेच्या खोलीत सगळ्यांना बोलवायचं, आणि प्रत्येक घरानं आपल्या भाकरीचा चिमूटभर चुरा हौदात टाकायचा. कापणीच्या सणाला आपण वेदीपुढं धान्य ठेवतो तसंच, आपापल्या हातानं. म्हणजे मासे बाईंचे राहणार नाहीत, आळीचे होतील. ज्याला आपण घास घातला त्याची किळस येत नाही, असं तू मला केस विंचरता विंचरता सांगितलंस. आणि खरंच तसं झालं. बायका नटून यायच्या, पोरं काचेला चिकटायची, “आमचा शेपटीवाला” आणि “आमची पोटुशी” अशी माशांना नावं पडली. नाक मुरडणारी म्हातारीसुद्धा पदराच्या गाठीतून चुरा सोडायला लागली, आणि वर म्हणायची, “खावा बाबांनो, तुमचं बी प्वाट हाय.” शिकल्यासवरल्या माणसानं योजावी अशीच युक्ती, आणि तिच्यातच सगळं बिघडायचं होतं.

आधी काचेच्या आत तपकिरी धूळ बसल्यासारखं झालं. मग पाणगवताच्या पात्यांना बुळबुळीत हिरवी लव आली. ओढ्याच्या डोहातून ते गवत तू स्वतः उपटून आणलं होतंस, माशांना लपायला आणि पिल्लांना जगायला. आता त्या पात्यांना श्वास घ्यायला जागा राहिली नाही. तू वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीनं काच घासायचीस, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. खिडकीला गोणपाट लावलंस. विहिरीच्या कपारीतून गोगलगाई आणून सोडल्यास. उन्हाळा तोंडावर, पिण्यालाच पाणी पुरेना, तरी स्वतःच्या आंघोळीचं पाणी वाचवून हौदातलं थोडं बदलायचीस. मग तंतूंचं शेवाळ आलं, लांब केसांसारखं. तू तुरीची काटकी पाण्यात घालून ती हळूहळू फिरवायचीस आणि शेवाळ तिला गुंडाळत बाहेर काढायचीस. एकदा म्हातारी दारात उभी राहून ते बघत होती. म्हणाली, “अगं बया, आता काचंतनं बी नारू काढाया लागलीस व्हय?” सगळे हसले. तूही हसलीस, पण काटकी तुझ्या हातात तशीच थांबली, आणि मला त्या खोलीतून बाहेर जावंसं वाटलं.

मला आज ठाऊक आहे ते तुलाही तेव्हा कळलं होतं. शेवाळाचं पोट दोन गोष्टींवर भरतं, उजेडावर आणि उष्ट्यावर. उजेड तू गोणपाटानं अडवलास. उष्टं कसं अडवणार? माशांनी खाऊन उरलेला भाकरीचा चुरा तळाशी कुजत होता, आळीचं सगळं प्रेम वाळूत मुरत होतं आणि हिरवं होऊन वर येत होतं. एका रविवारी तू धीर करून म्हणालीस की आता काही आठवडे मासे उपाशी राहू देत. एक बाई म्हणाली, “आमची भाकरी वंगाळ हाय का बाई?” दुसरीनं चुरा मुठीतच ठेवला आणि निघून गेली. म्हातारी म्हणाली, “घास नगो म्हन्तीस, तर मासं बी तुझं तूच ठेव.” पुढच्या रविवारी तू पुन्हा हौदापाशी उभी राहून सगळ्यांना चुरा टाकू दिलास. काय करणार होतीस? शेवाळ परवडलं असतं, रुसवा परवडला नसता. त्या संध्याकाळी तू जेवली नाहीस.

पाणी पालेभाजीच्या रश्श्यासारखं हिरवं झालं, मासे दिसेनासे झाले. वैशाख जवळ आला. तेव्हा तू ट्रंकेतून ती निळ्या खड्यांची पुडी काढलीस. मोरचूद. दवाखान्यात डॉक्टरबाई डोळ्यांत खुपऱ्या झालेल्यांच्या पापण्या त्यानं घासायच्या, त्याची एक पुडी तुझ्याकडं उरली होती. शेवाळ त्यानं मरतं हे तू त्यांच्याच तोंडून ऐकलं होतंस, किती घालायचं ते विचारायचं राहून गेलं होतं. त्यांना पत्र पोचायला महिने लागणार आणि लढाईत ते पोचेल याचा भरवसा नाही. तू एक खडा फडक्यात बांधून हौदात फिरवलास. कपाळावर घाम होता. मला म्हणालीस, “हात लावू नकोस कशाला.” मी लावला नाही. मी नुसती बघत होते. निळ्या रंगाची एक रेघ फडक्यातून सुटली आणि हिरव्यात विरून गेली.

पाणी निवळलं. आई, मी तसं पाणी त्यानंतर कुठंच पाहिलं नाही. दोन दिवसांत काच नाही असं वाटावं इतकं स्वच्छ. आळी बघायला लोटली. म्हातारीनं तोंडावर हात मारला. “बाई, इहिरीचं पानी असं झालं तर आमी मासं काय, मगर बी सोडू.” तू हसत होतीस, आणि मी त्या गर्दीत खाली बसून वाळूकडं बघत होते, कारण गोगलगाई पालथ्या पडल्या होत्या, सगळ्या. मी तुझा पदर ओढला. तू खाली वाकलीस, पाहिलंस, आणि सरळ होऊन पुन्हा हसलीस. लोक जाईपर्यंत तुझा हात माझ्या खांद्यावर होता, इतका घट्ट की खांदा दुखायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मासे पाण्याच्या वर तोंड काढून उभे होते, सगळे एका दिशेला, तोंडं उघडत-मिटत. मेलेलं शेवाळ तळाशी कुजत होतं आणि पाण्यातली हवा खात होतं. त्यात मोरचूद जास्त झालेला. पाणगवत गळून काचेसारखं पारदर्शक झालं होतं, बोट लावलं की तुटायचं. तू घागरीमागून घागर ओतलीस, ताटलीनं पाणी ढवळलंस, ओरडू नये म्हणून ओठ दाताखाली धरलेस. दुपारपर्यंत सगळं पांढरं तरंगत होतं. तू शाळेला सुटी दिलीस, हौदावर जाड चादर टाकलीस, आणि आळीला सांगितलंस की माशांना उजेड सोसत नाही, कुणी उघडून बघू नका. मासे आपण उकिरड्यात खोल पुरले. मागच्या अंगणात एक माठ होता, त्यात तू पोटुश्या मासोळ्या वेगळ्या काढून ठेवायचीस. त्यात ओंजळभर जीव उरले होते, तेही बहुतेक पिल्लंच. नगरला निरोप धाडलास, तिथंही दवाखान्यात कुणी मासे ठेवले नव्हते. मी विचारलं, “एवढ्यानं विहीर स्वच्छ होईल?” तू म्हणालीस, “होईल. वेळ लागेल.” मग माठात बोट फिरवत म्हणालीस, “वर्ष-दीड वर्ष तरी लागेल.”

गाळ काढायच्या दिवशी सगळी आळी विहिरीवर होती. पुरुष चिखलानं माखलेले, बायका पायऱ्यांवर. तळाला नवं पाणी झिरपत होतं आणि दुपार टळेपर्यंत ते खालच्या पायऱ्यांना लागलं. आदल्या आठवड्यात त्याच पायऱ्यांवर नारू वाहत असलेले दोन-तीन पाय मी पाहिले होते. तूही पाहिले होतेस. गाळ काढला तरी पाणी त्याच दगडांतून आलेलं. तू माठ घेऊन खाली उतरलीस आणि असा तिरपा केलास की तुझ्या पाठीमुळे कुणाला आत काय आहे ते दिसू नये. म्हातारीनं मान लांब केली. “मासं कुटं दिसंनात?” तू म्हणालीस, “पाण्यात गेले की दिसत नाहीत, मावशी.”

“बरं. मंग आता तूच पी आदी.” ते ठरलेलंच होतं. मासे घाण करत नाहीत हे तू पिऊन दाखवायचं. तू पितळी पेला पाण्यात बुडवलास आणि कमरेचं फडकं काढून दुसऱ्या पेल्याच्या तोंडाला लावलंस. म्हातारी वरच्या पायरीवरून ओरडली, “फडकं कशाला? मासं पानी निवळत्यात म्हन्तीस, आन् सोता गाळून पितीस? म्हंजी तुलाच किळस हाय. सांगतेय काय मग आमास्नी?” पुरुष हसले. कुणीतरी म्हणालं, “व्हय की.” मी तुझ्या शेजारच्या पायरीवर होते, तुझा चेहरा मलाच दिसत होता. त्यावर काही नव्हतं. तू फडक्याची घडी घातलीस, नीट, चार पदरी, ते कमरेला खोचलंस, आणि पेला तोंडाला लावून तळापर्यंत प्यालीस. मग लोकांचा गलका झाला. मला तुझा इतका अभिमान वाटला की मी पेला घेतला, बुडवला आणि ओठांशी नेला. तू माझ्या हातावर मारलंस. सगळ्यांसमोर, एवढ्या जोरात की पेला पायऱ्यांवरून ठणठणत पाण्यात गेला. तू मला त्याआधी कधी मारलं नव्हतंस. “गाळल्याशिवाय प्यायचं नाही, किती वेळा सांगितलं?” आणि मग वर तोंड करून, मोठ्यानं, “ऐका सगळे. मासे वाढेपर्यंत वर्षभर, दीड वर्ष, प्रत्येकानं गाळूनच प्यायचं. पायाला फोड असेल त्यानं पाण्यात उतरायचं नाही, वरून पोहऱ्यानं काढून घ्यायचं.” म्हातारीचं हसणं विरलं. ती दोन पायऱ्या खाली आली. “मंग तू का गं तसंच प्यालीस?” तू म्हणालीस, “तुम्ही सांगितलंत म्हणून.” तुझ्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, कारण म्हातारी तिथंच मट्टकन बसली.

मी त्या फटक्यावर कितीतरी दिवस रुसून होते. अंगठ्याला सूज आली होती. माझा राग जायला सुरुवात झाली ती म्हातारीमुळं. ती दर आठवड्याला तेलाची वाटी घेऊन यायला लागली. “बाई, पाय दे, चोळून देते, दिसभर उभी ऱ्हातीस.” तू नको म्हणायचीस, ती ऐकायची नाही. ती चोळायची कमी आणि बघायची जास्त. घोट्याभोवती, पोटरीवर, बोटांच्या बेचक्यात, अंगठ्यानं दाबून दाबून. पावसाळा गेला, ज्वारी निघाली, नाताळ झाला. तू गात होतीस, शिकवत होतीस, कुणाच्या घरी फडकं फाटलं की स्वतःच्या लुगड्याचं काढून द्यायचीस. विहिरीत मासे खरोखरच वाढत होते, वरून बघितलं की त्यांची सावली पळताना दिसायची, आणि आळी ती बघून खूश होती. मला मात्र तुझी पावलं दिसायची, रोज आंघोळीनंतर पाटावर ठेवलेली, आणि त्यांच्याकडं बघणारी तू. एकदा मी विचारलं, “पायाला काय झालंय?” तू म्हणालीस, “काही नाही अजून.” तो शब्द तुझ्या तोंडून निसटला, आणि मी तो झेलून ठेवला.

पुढच्या वैशाखात आळीत कुणालाच नारू झाला नाही. एकाही पायाला नाही. पाळकसाहेबांनी प्रार्थनेत देवाचे आभार मानले, आणि त्याच आठवड्यात तुझ्या उजव्या घोट्याला फोड आला. म्हातारी आली, बघितलं, आणि भिंतीला डोकं टेकून रडली. तू तिला म्हणालीस, “मावशी, काडी आणा. रडून अळी येते का बाहेर?” नारूच्या फोडाची आग इतकी असते की माणूस पाण्यात पाय घालायला धावतं, आणि अळी तेव्हाच पाण्यात बी सोडते. तू बादलीत पाय बुडवून बसायचीस, दात आवळून, आणि ते पाणी विहिरीपासून लांब तापल्या खडकावर मला ओतायला लावायचीस. “आणखी लांब. आणखी लांब जा.” अजून ते ऐकू येतं. मी बादली घेऊन चालत राहायचे आणि तू दारातून हात हलवत राहायचीस. म्हातारी रोज येऊन अळी काडीवर थोडी थोडी गुंडाळत होती. निम्म्याहून जास्त आली होती. ती म्हणत होती, उठू नगंस, चालू नगंस, चार दिस कळ काढ.

त्या दिवशी मेंढ्यांमागून आलेली एक परकी बाई विहिरीच्या पायऱ्या उतरताना तुला दारातून दिसली. तिच्या पायाला चिंधी होती. चिंधीखाली काय असेल ते तुला सांगायला नको होतं. तू हाका मारल्यास, तिला ऐकू गेलं नाही. मला पाठवता आलं असतं, पण मी बादली ओतायला लांब गेले होते, तूच पाठवलं होतंस. तू उठलीस आणि धावलीस. काडी उंबऱ्याला अडकली. मी परत आले तेव्हा तू विहिरीच्या काठावर उभी राहून त्या बाईला पोहऱ्यानं पाणी काढून देत होतीस, ती पाण्यात न उतरता वरच थांबली होती, आणि तुझ्या घोट्यातून काहीच लोंबत नव्हतं. काडी दारात पडली होती. तू माझ्याकडं बघून म्हणालीस, “थांबवली तिला.” तुला आनंद झाला होता, आई. मी खोटं लिहीत नाही. रात्रीपर्यंत पाय मांडीपर्यंत सुजला. गाडी जोडून जामखेडला नेलं, तिथून पुढं नगरला न्यायचं म्हणाले, पण तुझा जबडा बसायला लागला होता. धनुर्वात. तू माझ्याकडं बघत होतीस आणि तुला काही बोलता येत नव्हतं.

म्हातारी त्यानंतर जगली तोवर रोज सकाळी विहिरीवर बसायची, मांडीवर फडक्यांची चळत घेऊन. गाळल्याशिवाय कुणी घागर उचलली की तोंडाला येईल ते बोलायची, सरकारी माणसालाही. मासे आणि ती, दोघांनी मिळून ती विहीर राखली. बाबा परत आले, मला नगरला बोर्डिंगात घातलं, मी तुझ्यासारखीच मास्तरीण झाले. आळीत गेलं की अजून लोक माझ्याभोवती जमतात आणि सांगतात की तुमच्या आईमुळं आमच्या पिढ्या नारूतून सुटल्या. नंतर जन्मलेली माणसंही सांगतात, जणू समोर उभी होती. मी हात जोडते, डोळ्यांत पाणी आणते, आणि म्हणते की तिची इच्छा पूर्ण झाली.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, तुला पोचण्याचा तर प्रश्नच नाही, म्हणून लिहून टाकते. विहीर स्वच्छ झाली याचा मला आनंद नाही. कधीच झाला नाही. त्या आळीतल्या प्रत्येक पायाला नारू झाला असता आणि तू घरात बसून राहिली असतीस, तर मला चाललं असतं. ती परकी बाई पाण्यात उतरली असती तरी चाललं असतं. तुला हे आवडणार नाही. पण मी दहा वर्षांची होते, आई, आणि या एका बाबतीत मी अजून तेवढीच आहे.